रेशनच्या धान्यातील गैरव्यवहार आणि आपली तक्रार : एक अभ्यास



बीड जिल्ह्यातील वडीलधाऱ्या मंडळींना १९७२ चा दुष्काळ आजही आठवतो. खडी फोडण्याच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामावर राबणारी माणसे, कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवर आलेली परदेशी लाल ज्वारी, जिला लोक मिलो म्हणत, या आठवणी प्रत्येक वस्तीत आहेत. त्या पिढीने ते धान्य सरकारचे उपकार म्हणून घेतले. जे मिळाले ते पदरात पाडून घ्यावे, माप कमी भरले तरी बोलू नये, बोललो तर पुढच्या महिन्याचेही जाईल, अशी एक सवय तेव्हा लागली. ती सवय आजही पुरती सुटलेली नाही.

दरम्यानच्या काळात कायदा मात्र बदलला आहे. २०१३ साली संसदेने राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा केला आणि १ फेब्रुवारी २०१४ पासून महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्यामुळे पात्र कुटुंबाचे धान्य ही आता मेहेरबानी राहिलेली नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. मात्र कायदा झाला म्हणून धान्य आपोआप घरी येत नाही. ते मध्येच कोठे गळते हे ओळखावे लागते आणि योग्य ठिकाणी, योग्य भाषेत सांगावे लागते.

आपल्याकडे रेशनबद्दल कुरकुर भरपूर होते, पण तक्रार फार थोडी होते. पारावर बोलले जाते ते हवेत विरून जाते. तारीख, वजन आणि सही यांसह कागदावर उतरते त्याला उत्तर द्यावे लागते. कुरकुरीची तक्रार कशी करावी, हे सभासदांना व विद्यार्थ्यांना समजावून सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. आपला हक्क नेमका किती?

आपला हक्क किती हेच ठाऊक नसेल तर किती गेले ते कळणार नाही. म्हणून प्रथम हिशेब पाहू.

अन्न सुरक्षा कायद्याखाली दोन प्रकारची कुटुंबे येतात. अंत्योदय कुटुंबाला, घरात माणसे कितीही असोत, दरमहा ३५ किलो धान्य मिळते. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो मिळते. म्हणजे घरात सहा माणसांची नोंद असेल तर ३० किलो. त्यात गहू किती, तांदूळ किती, ज्वारी आहे की नाही, हे शासन वेळोवेळी ठरवते. म्हणून त्या महिन्याचा फलक वाचणे आवश्यक असते.

पूर्वी या धान्यासाठी तांदळाला ३ रुपये, गव्हाला २ रुपये व भरड धान्याला १ रुपया किलो असा दर होता. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत करण्यात आले आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे ते मोफतच ठेवण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. तेव्हा या धान्यासाठी हमालीचे, गाडीभाड्याचे किंवा ‘मशीनचे’ म्हणून कोणी दहा-वीस रुपये मागत असेल तर ते देण्याचे कारण नाही. साखरेसारख्या वस्तूचा दर वेगळा असतो, एवढे लक्षात ठेवावे.

याच कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीचे नाव असते. म्हणून ही माहिती प्रथम घरातील माता-भगिनींना असली पाहिजे.

आठव्या कलमात आणखी एक महत्त्वाची तरतूद आहे. हक्काचे धान्य पुरवले गेले नाही तर राज्य शासनाने त्याबदली अन्न सुरक्षा भत्ता द्यावयाचा आहे. ही तरतूद कागदावर आहे आणि ती मागणाऱ्यांची संख्या अत्यल्प आहे, ही आपल्यासाठी विचार करण्याची गोष्ट आहे.

२. गळती कोठे व कशी होते?

धान्याचा प्रवास असा होतो. भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून ते तालुक्याच्या शासकीय गोदामात येते, तेथून वाहतूक कंत्राटदाराच्या ट्रकने स्वस्त धान्य दुकानात जाते आणि दुकानातून आपल्या पिशवीत पडते. या प्रत्येक टप्प्यावर गळती होऊ शकते. आपण फक्त शेवटचा टप्पा पाहतो, म्हणून सारा दोष दुकानदाराचाच वाटतो.

जुलै २०१८ मध्ये नांदेड जिल्ह्यातील कृष्णूर औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी एका धान्य कारखान्याच्या आवारात शासकीय धान्याचे दहा ट्रक पकडले. गोरगरिबांच्या वाट्याचे धान्य शासकीय गोदामाऐवजी परस्पर कारखान्यात वळवले जात होते, असा पोलिसांचा आरोप होता. पुढे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने आणि सक्तवसुली संचालनालयानेही त्या प्रकरणात तपास केला. कोण दोषी व कोण निर्दोष हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आपण त्यातून एवढाच बोध घ्यावयाचा की गोणी दुकानापर्यंत पोहोचण्याआधीही नाहीशी होऊ शकते. ‘वरूनच माल कमी आला’ हे दुकानदाराचे बोलणे दर वेळी खोटे नसते. ते खरे की खोटे हे मात्र तपासता येते. कसे, ते पुढे पाहू.

दुकानाच्या पातळीवर नेहमी आढळणारे प्रकार पुढीलप्रमाणे :

(अ) माप कमी भरणे. पावतीवर ३० किलो, पिशवीत २७ किलो.

(आ) पावती न देणे. ई-पॉस यंत्रातून पावती निघते, पण ‘कागद संपला’ असे सांगितले जाते.

(इ) अंगठा आधी, धान्य नंतर. अंगठा घेऊन ‘माल आला नाही, आठ दिवसांनी या’ असे सांगायचे. यंत्राच्या लेखी तुमचे धान्य त्याच क्षणी तुम्हाला मिळालेले असते.

(ई) शिधापत्रिका दुकानदाराने स्वतःकडे ठेवणे.

(उ) मृत व्यक्ती, लग्न होऊन सासरी गेलेल्या मुली किंवा कायमचे गाव सोडून गेलेले लोक यांच्या नावावर धान्य उचलणे.

(ऊ) महिन्यातून एक-दोनच दिवस दुकान उघडणे. त्या दिवशी जो मजुरीला गेला त्याचे धान्य बुडाले.

अर्धा-एक किलोने काय होते, असे काहींना वाटते. म्हणून एक हिशेब करून पाहा. समजा एका दुकानाला प्राधान्य गटातील ८०० माणसे जोडलेली आहेत. माणशी ५ किलो म्हणजे महिन्याला ४० क्विंटल धान्य. माणशी फक्त अर्धा किलो कमी दिले तर महिन्याला ४ क्विंटल आणि वर्षाला ४८ क्विंटल धान्य बाजूला पडते. क्विंटलला २,००० रुपये धरले तरी महिन्याचे ८,००० रुपये होतात. ४० क्विंटलवर क्विंटलमागे १७० रुपयांनी मिळणारे कमिशन ६,८०० रुपये भरते. म्हणजे ‘अर्धा किलो’ ही रक्कम प्रामाणिक कमाईपेक्षा मोठी ठरते. आणि घरातून पाहिले तर सहा माणसांच्या कुटुंबाचे वर्षाला ३६ किलो जातात. हे त्यांच्या महिन्याभराच्या धान्याहून अधिक आहे.

३. ऊसतोड कुटुंबांचा प्रश्न

आपल्या जिल्ह्यात हा विषय अधिक नाजूक आहे. दसरा-दिवाळीनंतर धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, गेवराई अशा तालुक्यांतील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. कोयता जातो, बैलगाडी जाते, लहान मुलेही जातात. शिधापत्रिका मात्र पुष्कळदा गावातच राहते, कधी म्हाताऱ्या आई-वडिलांकडे तर कधी ‘विश्वासाने’ दुकानदाराकडे. परत आल्यावर मधल्या महिन्यांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

आता ते विचारता येते. शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक टाकला की महाराष्ट्र शासनाच्या ई-पॉस संकेतस्थळावर कोणत्या महिन्यात, कोणत्या दुकानातून, किती धान्य उचलले गेले याची नोंद दिसते. ‘मेरा राशन’ या मोबाइल ॲपवरही आपल्या पत्रिकेची माहिती पाहता येते. आपण फडावर असताना गावातील दुकानात आपल्या नावे धान्य उचललेले दिसले, आणि घरातील कोणीही ते घेतलेले नसेल, तर तो संशयाचा भक्कम आधार होय.

दुसरी गोष्ट अशी की शिधापत्रिका आता एका दुकानाला बांधलेली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र प्रदेश-तेलंगण या जोड्यांत ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेचा प्रारंभ झाला आणि जून २०२२ पर्यंत सर्व राज्ये तिच्यात आली. त्यामुळे बीडचे कुटुंब कोल्हापूर-सांगलीकडच्या किंवा कर्नाटकातील दुकानातूनही आपले धान्य घेऊ शकते. काही माणसे फडावर व काही गावी असतील तर वाट्याप्रमाणे दोन्हीकडे घेता येते.

४. प्रत्येक अडचण म्हणजे चोरी नव्हे

तक्रार करणाऱ्याने प्रथम चूक आणि चोरी यांतील फरक ओळखावा. उसाच्या पाचटाने, मातीकामाने हाताची बोटे झिजतात आणि यंत्र अंगठा ओळखत नाही. नेटवर्क नसते. ई-केवायसी झालेले नसते म्हणून एखाद्याचे नाव थांबते. आधार क्रमांक चुकीचा जोडलेला असतो. या गोष्टी त्रासाच्या आहेत, त्यांचा निपटारा तहसील कार्यालयातून करून घेतलाच पाहिजे, पण यात दुकानदाराने चोरी केली असे म्हणता येत नाही.

असाच गोंधळ केशरी कार्डाबाबत होतो. २०१५ सालापासून मराठवाड्यासह १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना सवलतीचे धान्य मिळत होते. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये बँक खात्यात देण्याचा निर्णय झाला आणि नंतर त्या रकमेत वाढ करण्यात आली. या कुटुंबांना दुकानात धान्य मिळाले नाही तर ते दुकानदाराने खाल्ले असे नाही. त्यांनी आपले बँक पासबुक तपासावे आणि रक्कम जमा नसेल तर तहसीलच्या पुरवठा विभागात विचारणा करावी.

चुकीच्या माणसावर केलेला आरोप खऱ्या तक्रारीचेही वजन घालवतो. सर्वच दुकानदार लबाड नसतात. काहींना गोदामातूनच कमी वजनाची गोणी मिळते आणि तेही तोंड दाबून बसतात. अशा दुकानदाराला सोबत घेतले तर वरची गळती उघड होण्यास मदत होते.

५. संशयाचा पुरावा कसा करावा?

(१) पावती मागून घ्यावी व जपून ठेवावी. पावती नाकारली तर ती तारीख, वेळ व हजर असलेल्या दोन माणसांची नावे वहीत लिहावीत.

(२) धान्य घेऊन घरी न जाता जवळच्या किराणा दुकानात किंवा पिठाच्या गिरणीत दुसऱ्या काट्यावर वजन करावे. वजन लिहून त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

(३) सलग तीन महिन्यांच्या नोंदी ठेवाव्यात. एका महिन्याची तूट चूक म्हणून सांगता येते. तीन महिने सारखीच तूट येत असेल तर तसे म्हणता येत नाही.

(४) एकट्याने न थांबता दहा-बारा कुटुंबांनी अशा नोंदी ठेवाव्यात. विद्यार्थ्यांनी येथे पुढाकार घ्यावा. नाव, पत्रिकेचा क्रमांक, नोंदलेली माणसे, मिळावयाचे धान्य, पावतीवरील धान्य, प्रत्यक्ष वजन आणि फरक असे सात रकाने वहीत आखले की पुरे.

(५) दुकानाच्या फलकाचे छायाचित्र काढावे. दुकानाची वेळ, शिल्लक साठा, दर, लाभार्थ्यांचे देय धान्य आणि तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक लावणे हे दुकानदाराचे कर्तव्य आहे. फलक कोरा असेल तर कोऱ्या फलकाचे छायाचित्र काढावे.

(६) ‘वरूनच कमी आले’ असे उत्तर मिळाले तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. त्या दुकानाचे तीन महिन्यांचे नियतन किती, गोदामातून उचल किती, वाटप किती व शिल्लक किती, एवढेच विचारावे. महाराष्ट्रात असा अर्ज एका विषयापुरता व १५० शब्दांत असावा लागतो. शुल्क १० रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र दाखला जोडावा लागतो. ३० दिवसांत माहिती मिळाली नाही तर प्रथम अपील करता येते. मिळालेले आकडे आपल्या वहीशी ताडून पाहिले की गळती कोणत्या टप्प्यावर आहे ते स्पष्ट होते.

अन्न सुरक्षा कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाप्रमाणे वितरणाचे अभिलेख जनतेच्या पाहणीसाठी खुले असले पाहिजेत. अठ्ठाविसाव्या कलमात सामाजिक अंकेक्षण आणि एकोणतिसाव्या कलमात दक्षता समित्या सांगितल्या आहेत. राज्य, जिल्हा, तालुका आणि प्रत्यक्ष दुकान अशा चारही पातळ्यांवर या समित्या असतात. आपल्या दुकानाच्या दक्षता समितीवर कोण आहे, तिची बैठक शेवटची कधी झाली, एवढा प्रश्न ग्रामसभेत विचारला तरी पुष्कळ हालचाल होते.

६. तक्रार कोठे करावी?

पहिली पायरी म्हणून १९६७ किंवा १८००-२२-४९५० या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा क्रमांक मात्र मागून घ्यावा. क्रमांकाशिवाय तक्रारीचा पाठपुरावा करता येत नाही.

दुसरी पायरी तहसील कार्यालयाची. पुरवठा विभागात लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून परत येऊ नये.

तिसरी पायरी बीड येथील जिल्हा पुरवठा अधिकारी. दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तहसील पातळीवर आणि पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. त्याचा वैयक्तिक गाऱ्हाण्यासाठी उपयोग करावा. त्यासाठी अर्ज आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो.

चौथी पायरी कायद्याच्या पंधराव्या कलमाखालील जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याची. त्याच्या आदेशाने समाधान झाले नाही तर राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते. या आयोगावर किमान दोन महिला, तसेच अनुसूचित जातीची एक व अनुसूचित जमातीची एक व्यक्ती असली पाहिजे असे कायदाच सांगतो. तक्रार निवारण अधिकाऱ्याने सुचवलेली दाद एखाद्या लोकसेवकाने सबळ कारण नसताना दिली नाही, तर तेहतिसाव्या कलमाखाली आयोग त्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो.

एखाद्या कर्मचाऱ्याने कामासाठी लाच मागितली तर तो विषय वेगळा होतो. त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. धान्य काळ्या बाजारात जात असेल तर जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ लागू होतो आणि त्यात तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. असे वाहन दिसल्यास स्वतः अडवू नये. वाहनाचा क्रमांक, वेळ व ठिकाण लिहून घेऊन पोलिसांना व तहसीलदारांना तत्काळ कळवावे.

सर्वोच्च न्यायालयाचा एक आदेशही ध्यानात ठेवावा. २००१ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने अन्नाच्या हक्काविषयी याचिका दाखल केली होती. देशाची गोदामे भरलेली असताना माणसे उपाशी का, असा त्या याचिकेचा प्रश्न होता. तीत २ मे २००३ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठीचे दुकान ठरलेल्या काळात उघडे न ठेवणारा, जादा दर घेणारा, कुटुंबांची कार्डे स्वतःकडे ठेवणारा, कार्डावर खोट्या नोंदी करणारा किंवा धान्य खुल्या बाजारात वळवणारा परवानाधारक परवाना रद्द होण्यास पात्र ठरेल. अर्जात या आदेशाचा उल्लेख करण्यास हरकत नाही.

७. अर्जाचा नमुना

प्रति,
मा. तहसीलदार (पुरवठा विभाग),
ता. ............, जि. बीड.

विषय : स्वस्त धान्य दुकान क्र. ........ येथे कमी धान्य मिळत असल्याबाबत.

महोदय,
मी मौजे ............ येथील रहिवासी असून माझ्या प्राधान्य कुटुंब शिधापत्रिकेचा क्रमांक ............ आहे. पत्रिकेवर ६ व्यक्तींची नोंद असून मला दरमहा ३० किलो धान्य देय आहे. दि. ........ रोजी मला दिलेल्या पावतीवर ३० किलोची नोंद आहे. प्रत्यक्षात धान्य २७ किलो भरले. वजन ............ व ............ यांच्या समक्ष केले आहे. मागील दोन महिन्यांतही अशीच तूट आली. पावत्या व वजनाच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.
तरी दुकानाची व साठ्याची तपासणी करून पंचनामा करावा, माझे कमी मिळालेले धान्य अथवा त्याबदली अन्न सुरक्षा भत्ता मिळावा आणि केलेल्या कार्यवाहीची मला लेखी माहिती द्यावी, ही विनंती.

आपला/आपली,
(सही, नाव, दिनांक)

या अर्जात दुकानदार चोर आहे असे कोठेही म्हटलेले नाही. शिवी नाही, राजकारण नाही, ऐकीव गोष्ट नाही. जे पाहिले व मोजले तेवढेच लिहिले आहे. चौकशी अधिकाऱ्याला अशाच अर्जावर काम करता येते. निनावी अर्जाला हे वजन येत नाही.

८. भीतीचे काय?

येथवर वाचून कोणी विचारील, ‘हे सर्व ठीक आहे, पण गावात राहायचे आहे ना?’ हा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. दुकानदार बहुधा गावातील वजनदार माणूस असतो. त्याच्या शेतात आपण मजुरीला जातो, त्याच्याकडून उचल घेतो. तक्रार केली तर धान्य बंद होईल, काम बंद होईल, अशी धास्ती असते.

यावर तीन गोष्टी सांगता येतील. पहिली, धान्य बंद करणे हे दुकानदाराच्या हाती राहिलेले नाही. शेजारच्या गावातील दुकानातूनही आपले धान्य घेता येते. ज्या एकाच दारावर आपण अवलंबून होतो ते अवलंबन या सोयीने कमी केले आहे. दुसरी, एकट्याने अर्ज करू नये. दहा बायकांनी मिळून दिलेल्या अर्जापुढे धमकी चालत नाही. १९७२ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार महिला संयुक्त समिती उभी राहिली आणि हाती लाटणी घेऊन गृहिणी रस्त्यावर आल्या. स्वयंपाकघरातील स्त्री रेशन आणि रॉकेलचा जाब विचारू शकते हे त्यांनी महाराष्ट्राला दाखवले. तिसरी, धमकी किंवा बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने या समाजघटकांवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे वा तशी धमकी देणे हा गुन्हा स्पष्टपणे नमूद झाला आहे.

खरा धोका मात्र निराळाच आहे. अर्ज होतो, निरीक्षक येतो, आणि आदल्या रात्री दुकानदार घरोघर जाऊन दोन महिन्यांचे धान्य पोचते करतो. दुसऱ्या दिवशी जबाब देताना तेच लोक सांगतात, ‘आमची काही तक्रार नाही.’ प्रकरण तेथेच संपते आणि ज्याने अर्ज लिहिला तो गावात एकटा पडतो. उशिरा पोचलेले धान्य अवश्य घ्यावे, कारण ते आपलेच आहे. पण जबाबात पूर्वी काय झाले आणि काल रात्री काय झाले, हे दोन्ही जसेच्या तसे सांगावे. जबाब वाचून घेतल्याशिवाय सही अथवा अंगठा करू नये.

चौकशी रेंगाळते हाही अनुभव आहे. तरी पाठपुरावा व्यर्थ जात नाही. बीड जिल्ह्यातील रोजगार हमीच्या कामांतील गैरव्यवहाराच्या चौकशीत दिरंगाई झाल्यावरून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ साली तत्कालीन जिल्हाधिकाऱ्यांच्या बदलीचा आदेश दिला होता. कागद जपून ठेवणाऱ्या नागरिकाचा आवाज कोठपर्यंत जातो, याचे हे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील आहे.

९. आपलीही बाजू स्वच्छ हवी

दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी आपली पत्रिका पाहावी. आई-वडील वारले, पण नाव तसेच आहे. मुलगी सासरी गेली, तिकडे तिचे नाव लागले, इकडचे कमी झाले नाही. घरात कायम नोकरी आली तरी पिवळे कार्ड कायम आहे. मिळालेला तांदूळ दारावर आलेल्या व्यापाऱ्याला विकला जातो. हे प्रकार आपल्यातही घडतात, हे मान्य केले पाहिजे. लाभार्थ्यांची संख्या राज्याला ठरवून दिलेली असते. एका अपात्राने जागा अडवली की बाहेर उभ्या असलेल्या एखाद्या विधवेचे, परित्यक्तेचे किंवा नव्याने वेगळ्या झालेल्या गरीब कुटुंबाचे नाव लागत नाही. म्हणून नाव कमी करण्याचा अर्जही आपणच पुढे होऊन द्यावा. असा माणूस तक्रार करतो तेव्हा त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही.

समारोप

रेशनच्या दुकानातील काटा हा गावातील लोकशाहीचा काटा आहे. तो सरळ राहावा यासाठी मोर्चाच काढावा लागतो असे नाही. महिन्यातून एकदा पावती वाचणे, दुसऱ्या काट्यावर वजन करणे आणि वहीत एक ओळ लिहिणे, एवढ्याने सुरुवात होते. आपल्या वस्तीतील दहावी-बारावीच्या मुला-मुलींनी शेजारच्या पाच घरांची जबाबदारी घेतली, तर फडावरून परतलेल्या कुटुंबाला आपल्या पाठीमागे आपल्या धान्याचे काय झाले हे विचारावे लागणार नाही. त्यांच्या हाती लिहिलेली वही असेल.

चर्चेसाठी व स्वाध्यायासाठी प्रश्न

१. तुमच्या घरातील शिधापत्रिका कोणत्या प्रकारची आहे? तुम्हाला दरमहा किती धान्य देय आहे?

२. मागील महिन्याची पावती, संकेतस्थळावरील नोंद व घरात आलेले धान्य यांचा ताळा करा. फरक आढळला काय?

३. तुमच्या दुकानाच्या फलकावर कोणती माहिती आहे व कोणती नाही, याची यादी करा.

४. अंगठा न जुळल्याने धान्य न मिळणे आणि अंगठा घेऊन धान्य न देणे, या दोहोंत काय फरक आहे? प्रत्येकासाठी कोणता अर्ज कराल?

५. तुमच्या वस्तीतून ऊसतोडीला जाणाऱ्या एका कुटुंबाशी बोलून मागील हंगामातील धान्याच्या नोंदी पाहा आणि वर दिलेल्या नमुन्याप्रमाणे, गरज असल्यास, अर्ज तयार करा.